चिंचिलाचा पिंजरा

पिंजरा हा शब्द आपल्या भाषेत फारशा चांगल्या अर्थाने कधी येत नाही. सोन्याचा झाला तरी तो पिंजराच, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. ज्याला मोकळे आकाश हवे त्याला गजांआड ठेवणे यात गौरवाचे काही नाही, हे कोणीही मान्य करील. तथापि इतिहासात अशी काही उदाहरणे सापडतात की, जेथे पिंजरा हा केवळ बंदिवासाचे साधन राहिला नाही. एखाद्या जीवाचा मुलूख कसा होता, त्याला काय मानवत होते आणि काय मानवत नव्हते, याची नोंद त्या पिंजऱ्याच्या घडणीतच होत गेली. दक्षिण अमेरिकेतील चिंचिला नावाच्या लहानशा प्राण्याचा पिंजरा हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय. हा पिंजरा एका दिवसात कोणा सुताराने ठोकून तयार केला नाही. त्याच्या प्रत्येक फळीमागे व प्रत्येक तारेमागे कोणाची तरी चूक, कोणाचे तरी निरीक्षण आणि बहुधा कित्येक मुक्या जीवांचे मरण आहे. म्हणूनच त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

नाव ऐकून मराठी कानाला प्रथम चिंचेची आठवण होईल. परंतु या प्राण्याचा चिंचेशी काही संबंध नाही. पेरूच्या किनाऱ्यावर चिंचा नावाचे लोक प्राचीन काळी राहत असत, त्यांच्यावरून स्पॅनिश लोकांनी हे नाव पाडले असे सांगतात. प्राणी दिसायला मोठा मौजेचा आहे. खारीसारखी झुपकेदार शेपटी, सशासारखे अंग, मोठे गोल कान, काळेभोर डोळे आणि लांब मिशा. वजन जेमतेम अर्ध्या किलोच्या घरात. वर्गाने तो उंदीर, खार व साळिंदर यांच्या कुरतडणाऱ्या कुळातला. याच्या दोन जाती आहेत. लांब शेपटीची चिंचिला उत्तर-मध्य चिलीच्या कोरड्या टेकड्यांत राहते, तर आखूड शेपटीची चिंचिला अँडीज पर्वताच्या उंच, उजाड पठारांवर. दोन्ही ठिकाणी झाडी विरळ, पाऊस नावापुरता, दिवसा डोळे दिपवणारे ऊन आणि रात्री हाडे गोठवणारी थंडी.

या मुलखाने चिंचिलाला जो अंगरखा दिला तोच तिचे भाग्य आणि तोच तिचा काळ ठरला. माणसाच्या एका केसाच्या मुळातून साधारणपणे एकच केस फुटतो. चिंचिलाच्या एका मुळातून साठाच्या आसपास केस फुटतात. त्यामुळे तिची लोकर इतकी दाट आणि इतकी मऊ असते की, स्पर्श झाला आहे हे बोटांना क्षणभर कळतही नाही. अशी लोकर थंडीला अडवते, परंतु पाण्यात भिजली तर लवकर सुकत नाही आणि अंगाची उष्णता बाहेर पडू देत नाही. म्हणून चिंचिला पाण्याने अंग धूत नाही. ज्वालामुखीच्या राखेसारख्या बारीक धुळीत लोळून ती अंगावरचा तेलकटपणा व ओलावा काढून टाकते. दिवस ती खडकांच्या भेगांत काढते आणि संध्याकाळ झाली की बाहेर पडून गवत, पाने, बिया, सालपट असे जे मिळेल ते खाते. हा सगळा दिनक्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा; कारण पुढे सांगावयाचा पिंजऱ्याचा इतिहास म्हणजे हा दिनक्रम चार भिंतींत कसा बसवावा, याचाच इतिहास आहे.

अँडीजमधील लोकांना या लोकरीचे मोल स्पॅनिश येण्यापूर्वीपासून ठाऊक होते. इंका काळात ती वस्त्रांसाठी वापरली जाई. युरोपीय वाङ्मयात तिचा उल्लेख होसे दे अकोस्ता या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने इ. स. १५९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केला. परंतु चिंचिलाचे शास्त्रीय वर्णन होण्यास पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ते करणारा ह्वान इग्नासियो मोलिना हा गृहस्थ चिलीतच जन्मलेला, तोही जेझुइट. इ. स. १७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या सर्व मुलखांतून हद्दपार केले, तेव्हा मोलिनाला मायभूमी सोडावी लागली. इटलीतील बोलोन्या शहरात राहून त्याने इ. स. १७८२ साली चिलीच्या निसर्गाचा इतिहास लिहिला आणि त्यात या प्राण्याला उंदरांच्या गणात घालून त्याचे नामकरण केले. मोलिना पुन्हा चिलीला गेला नाही, इ. स. १८२९ साली बोलोन्यातच त्याचा देह पडला.

मोलिनाने चिंचिलाविषयी जे लिहिले त्यात एक गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हा प्राणी स्वभावाने गरीब आहे, हातात घेतला तर चावत नाही, उलट कुरवाळून घेण्यात त्याला आनंद वाटतो, तो अतिशय स्वच्छ आहे आणि थोड्या खर्चात घरी पाळता येईल, असा त्याच्या लिहिण्याचा आशय होता. चिंचिला ही घरात राहू शकेल ही कल्पना या हद्दपार माणसाच्या लेखणीतून प्रथम ठळकपणे मांडली गेली. त्यातील प्रेमळपणाबद्दल शंका नाही. पण ‘थोड्या खर्चात’ हे शब्द मात्र त्याने परदेशात बसून, आठवणीच्या उबेत लिहिले असावेत असे वाटते. ज्या मुलखात बाहेर आयतीच थंडी, आयतीच धूळ आणि आयतेच खडक आहेत, तेथे चिंचिला पाळणे स्वस्त. अन्यत्र तो मुलूखच विकत आणावा लागतो, आणि मुलूख स्वस्तात मिळत नाही.

याचा पहिला अनुभव लंडनला आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपच्या बाजारात चिंचिलाची कातडी हजारांनी येत होती. परंतु ती अंगावर पांघरणाऱ्या स्त्रियांनी तर सोडाच, शास्त्रज्ञांनीही तो प्राणी जिवंत पाहिलेला नव्हता. कॅप्टन बीची याच्या पॅसिफिक महासागरातील मोहिमेबरोबर एक जिवंत चिंचिला इंग्लंडात पोचली आणि लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या नव्या बागेत दाखल झाली. मंडळाशी संबंधित असलेला एडवर्ड टर्नर बेनेट याने इ. स. १८२९ साली तिचे वर्णन करून ‘चिंचिला’ हे तिच्या गणाचे नाव शास्त्रात रूढ केले. त्याच वर्षी इकडे मोलिना वारला, हा काळाचा योगायोग.

बेनेटच्या वर्णनात दोन बारीक प्रसंग आहेत. पिंजऱ्याच्या इतिहासाचा आरंभ मी त्यांपासून धरतो. पहिला असा. परदेशातून आलेला नाजूक पाहुणा, इंग्लंडचा हिवाळा कडक, म्हणून चिंचिलाला बेताच्या उबदार खोलीत ठेवले गेले आणि तिच्या निजण्याच्या कप्प्यात फ्लॅनेलचा तुकडा अंथरला गेला. चिंचिलाने तो ओढून बाहेरच्या कप्प्यात टाकला. पुन्हा ठेवला, पुन्हा तिने ओढून काढला, आणि वर त्याच्याशी दातांनी व पायांनी खेळत बसली. पाळणाऱ्याने आपल्या थंडीवरून तिची थंडी अजमावली होती. तिला ती थंडी ठाऊकच नव्हती. दुसरा प्रसंग याहून गंभीर. एका कुलीन स्त्रीने दुसरी चिंचिला बागेला दिली, तेव्हा सोबत होईल या समजुतीने दोघींना एकाच पिंजऱ्यात सोडण्यात आले. जुन्या रहिवाशाने नवीन आलेलीवर असा हल्ला चढवला की, वेळीच सोडवले नसते तर ती जिवाला मुकली असती. त्यानंतर दोघींचे पिंजरे वेगळे करून शेजारी शेजारी ठेवावे लागले. आजही दोन अपरिचित चिंचिलांची ओळख करून द्यावयाची तर जाणकार पाळणारे प्रथम त्यांचे पिंजरे शेजारी ठेवतात, एकमेकींचा वास अंगवळणी पडू देतात आणि मगच पुढचे पाऊल टाकतात. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या बागेत निरुपायाने केलेली व्यवस्था आज रीत होऊन बसली आहे.

इकडे लंडनमध्ये एकदोन जिवांच्या अंथरुणाची चिंता चालली असता तिकडे चिलीत त्यांच्या जातीचा संहार सुरू झाला होता. सुमारे १८२८पासून उत्तर चिलीत व्यापारी शिकारीला तोंड फुटले. एका पूर्ण लांबीच्या कोटाला शंभरावर कातडी लागत; तेव्हा युरोपातील व पुढे अमेरिकेतील श्रीमंती वाढली तशी डोंगरावरची वस्ती घटत गेली. १८२८ ते १९१६ या काळात चिलीतून अधिकृतपणे बाहेर गेलेली कातडी ७० लाखांहून अधिक भरतात. नोंदीत न आलेल्या, वाटेत कुजलेल्या आणि बिळातच मेलेल्या जिवांची गणती यात नाही. शिकारीसाठी कुत्रे होतेच, पण खडकांच्या भेगांत सुरुंगाची दारू उडवण्यापर्यंतही मजल गेली. चिली सरकारच्या सेवेतील फेडेरिको आल्बेर्ट या शास्त्रज्ञाने इ. स. १९०० साली या प्राण्यावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९१० साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या चार देशांनी शिकार व व्यापार यांवर बंदी घालण्याचा करार केला. परंतु कागदावरची बंदी आणि डोंगरावरची बंदी यांत फार अंतर असते, हे सरकारी नोकरीत केस पिकवलेल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. बंदीमुळे कातड्याचा भाव चढला आणि भाव चढल्यामुळे उरलीसुरली जनावरे अधिकच हुडकून काढली गेली. चिलीत परिणामकारक कायदा होण्यास १९२९ साल उजाडावे लागले. तोवर रानातून चिंचिला जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

नेमक्या याच काळात मथायस चॅपमन हा अमेरिकन खाण-अभियंता चिलीत पोत्रेरिल्योस येथील तांब्याच्या खाणीवर, अनाकोंडा कंपनीच्या कामावर होता. कामानिमित्त परमुलखात आलेला हा एक अधिकारी. चिंचिलाशी त्याचा काही संबंध असण्याचे कारण नव्हते. १९१८ साली एक स्थानिक माणूस पत्र्याच्या डब्यात घालून एक चिंचिला विकावयास छावणीवर आला आणि चॅपमनने ती घेतली. तिच्या संगतीने त्याच्या मनात विचार आला की, मारून संपवण्याऐवजी या प्राण्याची पैदास करता येईल. हा विचार निव्वळ भूतदयेचा होता असे म्हणणे सत्याला सोडून होईल. लोकरीचा धंदा त्याच्या डोळ्यांपुढे होता. मात्र जिवंत जनावराला किंमत आहे, आणि ते जगवायचे तर त्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे, इतके त्याला उमजले होते.

चिली सरकारकडून परवानगी मिळवून त्याने वीसहून अधिक माणसे डोंगरात धाडली. तीन वर्षे खपून चांगली म्हणावीत अशी अवघी अकरा जनावरे हाती लागली. पूर्वी ज्या डोंगरांतून वर्षाला लाखोंनी कातडी उतरत, तेथे वीस माणसांना तीन वर्षांत अकरा जीव मिळावेत, यावरून संहाराची कल्पना यावी. चॅपमनचे खरे कर्तृत्व मात्र जनावरे पकडण्यात नाही. ती खाली उतरवण्यात आहे. उंचावरच्या विरळ, थंड हवेतून जनावर एकदम समुद्रकाठी आणले तर ते जगत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने घाई केली नाही. थोडे अंतर उतरावे, तेथे मुक्काम करावा, जनावरांना तेथील हवा मानवेपर्यंत थांबावे, मग पुन्हा थोडे उतरावे, अशा रीतीने पायथ्यापर्यंतचा प्रवास पुरा करण्यास त्याला सुमारे बारा महिने लागले. बोटीवर विषुववृत्त ओलांडताना पिंजऱ्यांभोवती बर्फ ठेवून त्याने आतली हवा थंड राखली. अखेर २२ फेब्रुवारी १९२३ रोजी तो आपल्या जनावरांसह कॅलिफोर्नियातील सॅन पेद्रो बंदरात उतरला. आज अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक साऱ्या चिंचिलांचा वंश या मूठभर जनावरांपर्यंत जाऊन पोचतो.

चॅपमनच्या या एका वर्षात पुढच्या सर्व पिंजऱ्यांचे सूत्र आले आहे, असे मला वाटते. लंडनच्या बागेत पाळणाऱ्याने स्वतःच्या सुखावरून जनावराचे सुख ठरवले होते. चॅपमनने जनावराच्या मुलखावरून पिंजरा ठरवला. कॅलिफोर्नियात आल्यावरही उष्णतेने त्याची पाठ सोडली नाही. तेव्हा तो आपला कळप घेऊन तेहाचापीच्या डोंगराळ, थंड भागात गेला, आणि पुढे लॉस एंजेलिसजवळ इंगलवुड येथे स्थिरावला. १९३४ साली चॅपमन वारला व मुलगा रेजिनल्ड याने काम पुढे चालवले. मूळ जनावरांपैकी एक म्हातारा नर १९४६पर्यंत जगला, असे चिंचिला पाळणारे लोक अजूनही कौतुकाने सांगतात. म्हणजे ज्याने त्याला डोंगरावरून आणले त्याच्या मागे तो बारा वर्षे राहिला.

यापुढे मात्र या इतिहासाच्या दोन वाटा झाल्या, आणि त्यांतील भेद डोळ्यांआड करता येत नाही. पहिली वाट धंद्याची. चॅपमनच्या जनावरांपासून पैदास वाढली, शेतांमागून शेते उभी राहिली, आणि पिंजरा हा उत्पादनाचा कप्पा झाला. चारपाच माद्यांचे पिंजरे एका रांगेत, त्यांच्या मागून एक बोळ, आणि त्या बोळातून फिरणारा एकच नर. माद्यांच्या गळ्यात रुंद पट्टी घालीत, म्हणजे दारातून त्यांना बाहेर पडता येऊ नये. नराला मात्र सर्वत्र वाट मोकळी. खाली तारेची जाळी, म्हणजे मळ आपोआप गळून पडावा व माणसाचे श्रम वाचावेत. या पिंजऱ्यात चिंचिला जगते, वाढते, पिलेही देते. म्हणून तो पिंजरा चांगला, असा त्या धंद्याचा हिशेब. १९५५च्या सुमारास अशा कळपांत पांढऱ्या रंगाचे पिलू जन्मास आले, पाठोपाठ काळे व बदामी रंगही निपजले, आणि डोंगराच्या दगडात मिसळून जाणारा करडा रंग हा अनेक रंगांपैकी एक होऊन राहिला.

दुसरी वाट घरातली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी चिंचिला कातड्यासाठी नव्हे, तर संगतीसाठी पाळण्यास सुरुवात केली. अशा पाळणाऱ्यांपुढे प्रश्न वेगळा होता. जनावर किती वर्षे जगते, हे त्यांना पाहावयाचे होते. नीट ठेवले तर चिंचिला दहापासून वीस वर्षांपर्यंत जगते. म्हणजे आठवीतल्या मुलासाठी घरात आणलेला जीव त्या मुलाच्या लग्नालाही हजर असू शकतो. इतकी वर्षे ज्याला राहावयाचे त्याचे घर नुसते टिकाऊ असून भागत नाही. या घरगुती पाळणाऱ्यांनी शेतातल्या पिंजऱ्याचा एकेक भाग बदलत नेला, आणि प्रत्येक बदल तिच्या मूळ मुलखाकडे एक पाऊल परत नेणारा होता.

आजचा चांगला पिंजरा या दृष्टीने न्याहाळावा. तो रुंद तर असतोच, पण उंचही असतो. कारण चिंचिला खडकावरून खडकावर उड्या मारणारी आहे. आत निरनिराळ्या उंचीवर लाकडी फळ्या बसवतात, परंतु त्या अशा जवळजवळ व एकाआड एक की, पाय चुकला तरी खालच्याच फळीवर पडावी, तळाशी आपटू नये. फळ्यांना भट्टीत वाळवलेले पाइनचे कोरे लाकूड चालते. रंग, रोगण किंवा उग्र वासाचे देवदारी लाकूड चालत नाही. कारण तिचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवण्यासाठी ती फळ्या कुरतडते, आणि जे कुरतडते ते पोटात जाते. याच कारणाने प्लास्टिकच्या वस्तू आत ठेवीत नाहीत. प्लास्टिकचे तुकडे आतड्यात अडकून जीव जातो. शेतातल्या पिंजऱ्याची तारेची जमीन येथे त्याज्य ठरली, कारण तिच्यावर सतत उभे राहून तळपायांना घट्टे व जखमा होतात. सपाट, भरीव जमीन हवी. बाजूच्या जाळीची भोके लहान हवीत. चिंचिलाची पिले १११ दिवसांच्या गर्भवासानंतर डोळे उघडे आणि अंगावर पूर्ण लोकर अशी जन्मतात आणि जन्मल्याबरोबर हिंडू लागतात. जाळी विरळ असली तर बाहेर निसटतात.

कोपऱ्यात एक बंद लाकडी घरटे ठेवतात. ती खडकाची भेग. चोवीस तास गवताची वैरण मिळेल अशी सोय करतात. ते डोंगरावरचे रुक्ष अन्न. बेदाणे, साखर, फळे असले लाड तिच्या पचनाला झेपत नाहीत. खाऊ घालण्यातच माया मानणाऱ्या आपल्या घरांना हे पाळणे जड जाईल, पण पाळले पाहिजे. पाणी भांड्यात उघडे न ठेवता उलट्या टांगलेल्या बाटलीतून देतात, म्हणजे लोकर भिजत नाही. आठवड्यातून काही वेळा बारीक राखेचे पसरट भांडे दहापंधरा मिनिटे आत ठेवतात आणि लोळून झाले की काढून घेतात. धावण्यासाठी चाक दिले तर ते सुमारे पंधरा इंच व्यासाचे आणि भरीव पृष्ठभागाचे हवे. गजांच्या चाकात पाय अडकतो, लहान चाकात पाठ वाकते. एखादी संगमरवरी किंवा फरशीची लादी आत ठेवली तर उन्हाळ्यात ती तिच्यावर पसरून अंग निववते.

आणि या साऱ्याहून महत्त्वाचे म्हणजे पिंजऱ्याची जागा. खिडकीतले ऊन नको, झोताचा वारा नको, दिवसा गडबड नको. कारण दिवस ही तिची रात्र आहे. हवा कोरडी हवी आणि उष्णता २५ अंश सेल्सिअसच्या आत राहावी. त्याहून पारा फार चढला तर तिला उष्माघात होतो व काही तासांत सारे संपते. घाबरवून झडप घालून तिला धरू नये. धरल्यास लोकरीचा झुबका हातात राहतो आणि जनावर निसटते. रानात कोल्ह्याच्या तोंडातून सुटण्यासाठी निसर्गाने दिलेली ही युक्ती. घरात ती वापरावी लागली तर तो पाळणाऱ्याचा पराभव समजावा.

आता आपल्यापुरता विचार करू. आपल्यापैकी कोणी दिल्लीत, कोणी ग्वाल्हेरला, कोणी इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा कोलकात्यास असेल. मे महिन्यात उत्तरेकडील पारा चाळिशीपलीकडे जातो. समुद्रकाठी आकडा कमी, पण दमट हवा त्याची भरपाई करते. दोन्ही हवामाने चिंचिलाला वैरी आहेत. वातानुकूलित खोलीत ती राहू शकते, हे खरे. परंतु वीज जाण्याची एक दुपार तिच्या आयुष्यापेक्षा मोठी ठरू शकते. शिवाय ज्याची बदली दर तीन वर्षांनी व्हावयाची, त्याने मालगाडीच्या डब्यात, भर उन्हाळ्यात या जिवाचा पिंजरा कसा न्यावा, याचाही विचार आधीच केला पाहिजे. बारा महिने थांबत थांबत उतरण्याची सवड सरकार देत नाही. पिंजरा बाजारात मिळतो, मुलूख मिळत नाही. हा मुलूख उभा करण्याची ज्याची ऐपत व चिकाटी असेल त्यानेच या वाटेला जावे. इतरांनी तिची हकीकत वाचून समाधान मानणे हीच तिच्यावरची माया. कातड्यापुरता तरी आपल्या देशाने एक निर्णय घेतला आहे. जानेवारी २०१७मध्ये भारत सरकारने मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या लोकरी कातड्यांची आयात बंद केली. ज्या फाइलीतून हा निर्णय गेला असेल ती कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर दहा मिनिटेच राहिली असेल. तरी तिचे मोल मोठे आहे.

एक प्रश्न उरतो. जगभरच्या पिंजऱ्यांत आज चिंचिला विपुल आहेत. मग ही जात वाचली असे म्हणावे काय? माझ्या मते तसे म्हणता येत नाही. पिंजऱ्यातील जनावरे पुन्हा रानात सोडण्याचे पूर्वीचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. मूठभर जनावरांपासून पिढ्यान् पिढ्या माणसाच्या निवडीने वाढलेला हा वंश आता डोंगराला ओळखत नाही. रानातल्या दोन्ही जाती आजही संकटग्रस्तांच्या यादीत आहेत. चिलीने १९८३ साली इयापेल गावाजवळ ‘लास चिंचिलास’ हे राखीव क्षेत्र निर्माण केले. ४,२२९ हेक्टरांच्या त्या कोरड्या टेकड्यांवर, निवडुंग आणि काटेरी पानांच्या झुडपांच्या बुंध्यांशी, खडकांच्या भेगांत लांब शेपटीच्या चिंचिला अजून नांदतात. पण तिच्या कित्येक वसाहती या कुंपणाबाहेर, खाजगी जमिनींवर आहेत, आणि तेथे गुरे, जळाऊ लाकडाची तोड व खाणी यांच्याशी तिची गाठ आहे.

तात्पर्य, पिंजऱ्याने चिंचिला जगवली, चिंचिलाचा मुलूख जगवला नाही. तरीही या पिंजऱ्याचा इतिहास व्यर्थ गेला असे मी म्हणणार नाही. फ्लॅनेलचा तुकडा ओढून टाकणाऱ्या त्या लंडनमधील जनावरापासून आजच्या राखेच्या भांड्यापर्यंत माणूस हळूहळू एवढे शिकला की, दुसऱ्याचे सुख आपल्या सुखावरून ठरत नाही. ज्याला ठेवून घ्यावयाचे त्याचा मुलूख आधी समजून घ्यावा लागतो. हे ज्ञान एका हाताच्या ओंजळीत मावणाऱ्या प्राण्याने आपल्याला दिले, आणि त्यासाठी त्याच्या जातीने मोजलेली किंमत ७० लाखांहून अधिक आहे. इतके महाग ज्ञान केवळ पिंजऱ्यापुरते वापरणे बरे नव्हे. इयापेलच्या टेकड्यांवर जे झुडूप आज कुऱ्हाडीतून वाचेल, ते चिंचिलाच्या दृष्टीने जगातल्या कोणत्याही सुबक पिंजऱ्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.